टेकडीवर येईनासं झालेलं स्टेशन

त्या वर्षी जून कोरडा गेला आणि टेकडीवरच्या लोकांनी कोंबड्या विकायचं बंद केलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे हे व्लास्ता हावरानेकच्या ध्यानात यायला जुलै निम्मा सरला.

व्लास्ता आमच्या दुबोव्याचं रेडिओ स्टेशन चालवते. नेब्रास्कात अशी स्टेशनं पूर्वी गावोगाव होती, आता मोजकी उरलीत. नदीकाठच्या कुरणात एक उंच लोखंडी मनोरा, त्याच्या पायथ्याशी दोन खोल्यांचं सिमेंटचं घर. पुढच्या खोलीत स्टेशन, मागच्या खोलीत व्लास्ता. लूमीर, तिचा नवरा, होता तोवर दोघं मिळून चालवत. तो गेल्यापासून यंत्र तीच लावते, बोलते तीच आणि बंदही तीच करते. पहाटे दूध काढायच्या वेळेला पोल्का, मग हवामान आणि डुकरांचे भाव, मग 'देवाणघेवाण', दुपारी लोक जेवायला बसले की निधनवार्ता, त्यामागोमाग वाढदिवस, जपमाळ, शाळेची बेसबॉलची मॅच असली तर मॅच, आणि सूर्य मावळला की बंद. त्यापुढं चालवायची सरकारची परवानगीच नाही. रात्री आमची लहर आभाळात चढते आणि कुठल्या तरी मोठ्या शहराच्या स्टेशनात जाऊन घुसते म्हणे. दुबोव्याच्या माणसाला फार लांब जाऊ देऊ नये, हे सरकारलाही कळलेलं दिसतं.

'देवाणघेवाण' म्हणजे काय विकायचंय, काय हवंय ते लोकांनी फोन करून सांगायचं. खोगीर, जवळजवळ नवं, घोडा मेला. पाळणा हवाय, कोणासाठी ते विचारू नका. असल्या फोनांवरून कोणाचं घर भरतंय आणि कोणाचं रिकामं होतंय हे साऱ्या परगण्यात दोघांनाच नेमकं ठाऊक असतं, फादर कास्परना आणि व्लास्ताला. फादरना तोंड उघडायची बंदी. व्लास्ता आपणहून उघडत नाही. माझं बी-बियाण्याचं दुकान आहे. ती खिळे-चुका न्यायला आली की आधी मी माझ्याकडची एखादी बातमी पुढं सरकवतो, मग ती तिच्याकडची सरकवते. तोलूनमापून. पुढचं सारं असंच माझ्याकडं गोळा झालेलं आहे.

तर नदीपलीकडच्या टेकडीवरच्या वस्तीतून फोन येईनात. व्लास्ताला आधी वाटलं, उन्हाचा तडाखा, माणसं दमली असतील. मग वाटलं, आपण कोणाला तरी दुखावलं. टेकडीच्या लोकांना रुसायला कारण लागत नाही. तिनं महिनाभरातल्या सगळ्या निधनवार्ता मनात पुन्हा वाचल्या, कोणाचा जावई वगळला, कोणाची बहीण मागं टाकली. काही सापडेना.

मग टेकडीच्या धान्य सोसायटीचा मॅनेजर अर्नेस्ट द्वोराचेक स्टेशनवर आला. दुपारचा कार्यक्रम त्याच्या सोसायटीच्या नावानं चालतो, आणि खरं बोलायचं तर स्टेशनही त्यावरच चालतं. तो टोपी हातात धरून उभा राहिला. टेकडीचा माणूस टोपी काढून उभा राहिला की समजावं, वाईट बातमी आहे.

"व्लास्ता," तो म्हणाला, "मी माझीच जाहिरात ऐकायला गाडी काढून नदीच्या पुलापर्यंत खाली आलो. तिथं आली बघ. झकास आली."

तिला वाटलं तो थट्टा करतोय. तो करत नव्हता. टेकडीवर कोणाच्याच घरी स्टेशन लागत नव्हतं. म्हाताऱ्यांनी रेडिओ उचलून फडताळावर टाकले होते. मक्याच्या कापणीपर्यंत जाहिरात चालू ठेवू, असं तो म्हणाला, त्यानंतर आमच्या मंडळींना मी काय सांगू. आणि जाताना मनोऱ्याकडं मान वर करून बघितलं, जणू तो आखूड झालाय की काय.

त्याच आठवड्यात ओमाहाहून मुलाचा, डेलचा, फोन आला. त्यानं स्टेशनला गिऱ्हाईक पाहून ठेवलं होतं. कसलीशी प्रवचनांची कंपनी, सगळं उपग्रहावरून, आभाळातून येणार, इमारतीत माणूस लागत नाही. "तुला मोकळीक मिळेल, आई," तो म्हणाला. व्लास्तानं मला हे सांगितलं तेव्हा ती खिळ्यांचा पुडा हातात फिरवत होती. मोकळीक कशापासून, हे त्यानं सांगितलं नव्हतं आणि तिनं विचारलं नव्हतं.

लूमीर लढाईवरून आला तो बिनतारी यंत्रं शिकून. रेडिओला ओली जमीन लागते, म्हणून त्यानं नदीकाठच्या झावादिलांच्या कुरणात मनोऱ्यापुरती जागा घेतली. पण मनोरा नुसता उभा करून भागत नाही. त्याच्या बुडाशी चाकाच्या आऱ्यांसारख्या चहूबाजूंनी तांब्याच्या तारा जमिनीत पुराव्या लागतात, नाही तर आवाज लांब पोचत नाही. त्या झावादिलांच्या कुरणाखालून दूरवर जायच्या होत्या. म्हाताऱ्या झावादिलांनी हातावर हात मारला आणि सांगितलं, खुशाल पुरून टाक, हे कुरण आमच्या घराण्यात कोणी नांगरणार नाही. कागद झाला नाही. आमच्यात शब्द दिल्यावर कागद मागणं म्हणजे शिवी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी व्लास्ता नांगरामागून पोटुशी चालली होती आणि तासात तार सोडत गेली होती. तारा कुठं आहेत हे तिच्या पायांना ठाऊक होतं.

तिनं लांबलचक पोल्काची टेप लावली, फावडं घेतलं आणि कुरणात उतरली. कुरण नव्हतंच. तिच्या खिडक्या रस्त्याकडं, कुरणाकडं नुसती भिंत. जूनमध्ये पलीकडं ट्रॅक्टर वाजत होता एवढं तिला आठवलं. म्हाताऱ्याच्या मुलानं, एमिलनं, ओट जळाल्यावर गाईंसाठी सुदान गवत पेरायला कुरणाचा निम्मा भाग नांगरला होता, नेमका टेकडीच्या बाजूचा. गवत गुडघ्याएवढं, निळसर, पानं वळलेली. भेगांत तळवा मावेल इतकी जमीन उललेली. कुंपणाच्या खांबावर हिरव्या पडलेल्या तारेचं वेटोळं नीट गुंडाळून लटकवलेलं. फाळाला लागलेली तार एमिलनं जुन्या कुंपणाची समजून टाकून न देता ठेवली होती. झावादिल काही टाकत नाहीत.

तिनं खणलं. तारेचं टोक सापडलं, उपटलेल्या मुळासारखं. दुसरी खणली, तीही तुटलेली. उरलेल्यांच्या वाट्याला ओल नव्हती. तिथं बसकण मारून ती थोडा वेळ बसली, असं ती म्हणाली. थोडा म्हणजे किती, ते टेप दोनदा फिरली यावरून गावाला कळलं.

एमिल झावादिलशी बोलायचं म्हणजे सोपी गोष्ट नव्हती. दोघं एका वर्गातली, जागाही लागून, पण बारा-तेरा वर्षं शब्द नव्हता. कारण लूमीर. एमिलची बायको लिबी टेकडीवरच्या कोप्रिवांची. ती वारली तेव्हा दफनविधी गावच्या चर्चमध्ये होता. आमच्याकडं अशा वेळी आप्तांनासुद्धा वेगळा निरोप जात नाही, रेडिओवर वाचलं की सगळ्यांना कळलं. लूमीरनं निधनवार्ता वाचली आणि टेकडीचं चर्च म्हणून सांगितलं. कोप्रिवांची सगळी माणसं तिथंच पुरलेली, पिढ्यान्‌पिढ्या तेच चर्च, आणि त्यांच्या प्रत्येक वार्तेत लूमीरच्या तोंडून तेच गेलेलं. कागदावर डोळे होते, तोंड आपल्या सवयीनं चाललं. सारा परगणा काळे कपडे घालून टेकडीवर गेला, बंद दारापुढं उभा राहिला, आणि इकडं गावात लिबीला खांदा द्यायला एमिल, त्याचा म्हातारा गडी आणि शवपेटीवाल्याची भाड्याची माणसं. बायकांनी भाजलेले कोलाचे, मध्ये गोड सारण भरलेले पाव, परातींत तसेच राहिले. संध्याकाळी एमिलनं ते डुकरांना घातले. लूमीर तीनदा माफी मागायला गेला. तीनदा एमिलनं गोठ्यातून मान बाहेर काढली नाही.

व्लास्ता गेली तेव्हाही तो गोठ्यातच होता, गाईच्या बरगडीला कपाळ टेकून. वर वाशाला रेडिओ टांगलेला. त्यावर व्लास्ताच बोलत होती, टेपवर, उद्याही पाऊस नाही म्हणून. आपल्याच आवाजाखाली उभं राहून ती बोलायला शब्द शोधत राहिली.

तिनं तारांचं सांगितलं. टेकडीवर स्टेशन जात नाही हेही सांगितलं.

"माझ्याकडं तर छान येतंय," एमिल म्हणाला.

"तू मनोऱ्याखाली राहतोस, एमिल. तुझ्या दाढेतल्या चांदीतसुद्धा येईल."

एमिल बादली उचलून दुसऱ्या गाईकडं गेला. तारा जोडायच्या तर सुदानात पट्टे पाडावे लागणार, हे त्याला न सांगता कळलं होतं. ते गवत म्हणजे गाईंचा हिवाळा, तो म्हणाला. दुष्काळातलं कोवळं सुदान कापलं तर आता गाईपुढं टाकता येत नाही, कोवळ्या ताटातलं विष, किराळ, लागून जनावर उभ्याउभ्या कोसळतं, आणि वाळवलं तर मूठभरच उरतं. कापणीनंतर ये आणि हवं तेवढं खण.

"कापणीनंतर स्टेशनवर मी नसेन," व्लास्ता म्हणाली. "एक पेटी असेल. ती तुला प्रवचन देईल."

त्यानं धार काढायला घेतली. मग तो गाईच्या पोटाशीच बोलल्यासारखा म्हणाला,

"लिबीचं परत वाच."

तिला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं.

"ऑगस्टात तिच्या नावानं मिसा सांगतोय मी फादरला. तू वाच. गावचं चर्च म्हणून वाच. मग गवताचं बघू."

तिनं वाचलं. सलग तीन दुपारी, ऑर्गनची तबकडी लावून, पहिल्या दिवशी इतकं सावकाश की माझ्या दुकानातल्या एकानं विचारलं, बाईंना अक्षर लागत नाही की काय. लिबी झावादिल, माहेरच्या कोप्रिवा, यांच्या आत्म्याच्या शांतीसाठी मिसा, गावच्या चर्चमध्ये, गावच्या. शेवटचा शब्द तिनं दोनदा म्हटला. दुकानात कोणी कोणाकडं बघितलं नाही. एकानं माझ्याकडचं बी न घेताच पैसे ठेवले आणि निघून गेला. सगळ्यांना सगळं आठवत होतं. ज्यांनी तेव्हा टेकडीवर जाऊन एमिलला नावं ठेवली होती, त्यांना जरा जास्त.

मिसेला गाव लोटलं. निम्मी माणसं लिबीसाठी आली, निम्मी बाकीची आली की नाही ते बघायला. मी कोणत्या निम्म्यात होतो ते राहू द्या. बायकांनी खसखशीचे आणि आलूबुखाऱ्याचे कोलाचे भाजले होते. एमिल लोकरी सूट घालून आला होता. मानेवरून घाम ओघळून कॉलर काळी झाली होती. पुढचे तीन बाक त्यानं कोप्रिवांसाठी धरून ठेवले. कोणी बसायला आलं की हात आडवा करायचा. शेवटी लोक मागं दाटीवाटीनं उभे राहिले, आणि ते तीन बाक, घासून चकचकीत केलेले, रिकामे. घंटा झाली. फादरनी जरा वाट पाहिली, मग सुरू केलं. एमिल अर्धा वेळ दाराकडं मान वळवून बसला होता. लिबीची बहीण अल्बीना नाही, भाऊ नाहीत, भाचे नाहीत.

व्लास्ता टेप लावून आली होती आणि भिंतीला टेकून उभी होती. ते बाक बघून तिला कळलं, टेकडीवर तिचा आवाजच गेला नव्हता. बाकीच्यांना वाटलं, कोप्रिवांनी राग धरला. ती कोणाला काही बोलली नाही. मिसा संपल्यावर एमिलच्या शेजारून जातानाही नाही. त्या वेळी तिनं एक वाक्य जरी उच्चारलं असतं तरी ते वाक्य बरोबर असतं, आणि एमिलनं तिला जन्मात माफ केलं नसतं. माणसं ओळखण्यात या बाईचा हात धरणारा मी तरी पाहिला नाही.

एमिल कोलाच्यांना हात न लावता त्या सुटातच गाडीत बसला आणि टेकडीवर गेला. अल्बीना भांडी घासलेलं पाणी कोबीच्या बुडाशी घालत होती. लग्न न केलेली, साठी ओलांडलेली, एका मोठ्या घरात एकटी. दारात सूट पाहून तिला वाटलं, कोणी मेलं. कोण, म्हणून तिनं विचारलं.

"लिबी," एमिल म्हणाला.

अल्बीनानं पाण्याचं भांडं खाली ठेवलं. मग सगळं उलगडलं. मिसेचं तिला काही ठाऊकच नव्हतं, टेकडीवर कोणालाच नव्हतं. त्याचा विश्वास बसेना, तेव्हा तिनं आत नेऊन रेडिओ लावून दाखवला. नुसती चरबी तडतडल्यासारखी खरखर. एमिल त्या रेडिओची खुंटी इकडून तिकडं फिरवत राहिला, फिरवतच राहिला. शेवटी अल्बीनानं त्याचा हात धरून बाजूला केला आणि रेडिओ फडताळात ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी डुकरांचे भाव वाचताना व्लास्ताला यंत्राचा आवाज आला. बाहेर येऊन पाहते तर एमिल सुदान कापत होता. मनोऱ्यापासून कुंपणापर्यंत एक सरळ पट्टा आडवा पडला होता.

"पुढचा कुठून?" त्यानं विचारलं.

ती उन्हात पुढं झाली, पायांनी अंदाज घेतला आणि चालत गेली. तो यंत्र घेऊन तिच्या मागोमाग. असे पट्टे पडत गेले आणि कापलेलं गवत दोन्ही कडांना वाळत राहिलं. त्याच्याकडं एमिलनं बघायचं टाळलं.

मग खणणं सुरू झालं. जमीन विटेसारखी. एमिल पहार मारायचा, व्लास्ता गुडघ्यांवर बसून हातानं माती उकरायची, टोकं शोधायची, काचकागदानं तांबं लाल होईपर्यंत घासायची आणि स्टोव्हच्या ज्योतीवर डाख द्यायची. वारा सुटला की ज्योत विझायची. मग एमिल वाऱ्याकडं पाठ करून कोट पसरून उभा राहायचा, बुजगावण्यासारखा. तिच्या बोटांना फोड आले, फुटले, त्यावर तिनं चिकटपट्टी गुंडाळली. संध्याकाळी तिला गुडघे सरळ करता यायचे नाहीत, खांबाला धरून उभी राहायची. एमिल ते बघायचा आणि दुसरीकडं बघायचा. नदीवरून तो टाकीनं पाणी आणी आणि बुजवलेल्या तासांवर सोडी.

गाव कुंपणाशी येऊन बघून जात होतं. सल्ले पुष्कळ मिळाले, फावडं एक मिळालं, तेही दुसऱ्या दिवशी परत मागितलेलं. टेपवर तेच तेच पोल्का वाजत असल्याची तक्रार मात्र रोज यायची. म्हाताऱ्यांनी दोघांच्या लग्नाची तारीखही ठरवून टाकली. हे व्लास्ताच्या कानावर मीच घातलं.

"त्याला सांगू नका," ती म्हणाली. "पहार टाकून पळेल."

कामात ती दोघं फारसं बोलत नसत. एकदा एमिलनं विचारलं, लूमीर शेवटी शेवटी फार त्रासला का. नाही, ती म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, हो. त्यावर तो मातीच उकरत राहिला. लिबीविषयी तिनं काही विचारलं नाही.

शेवटची तार जोडून झाली त्या दिवशी ऊन उतरणीला लागलं होतं. यंत्राच्या काट्यावरून काम झालं असं व्लास्ताला वाटत होतं, पण काटा टेकडीवर राहत नाही. कोणी तरी जाऊन ऐकायला हवं होतं. एमिलनं गाडी काढली, तिच्यातला रेडिओ चालू केला.

"तू बोलत राहा," तो म्हणाला. "गाणी नको. गाणं ओमाहाचंही असतं. तू बोल."

"काय बोलू?"

"मला काय ठाऊक? तुझा धंदा तो."

गाडी रस्त्याला लागली, धूळ उडाली, धूळ बसली. व्लास्ता माइकपुढं बसली. हवामान सांगितलं. भाव सांगितले, जे सकाळीच सगळ्यांनी ऐकले होते. एका बाईला मांजर नको आहे, एकाला मांजर हवं आहे, त्यांनी एकमेकांशी का बोलू नये, तेही सांगितलं. वाचायचे कागद संपले. डाखाच्या डब्यावरच्या सूचना वाचल्या, सावधान, धूर हुंगू नये. खिडकीबाहेर कुंपणाची सावली लांबत चालली होती. एरवी ती जे बोलायची ते कोणी तरी लिहून दिलेलं असायचं, कोणाचं तरी काही तरी असायचं. आता कोणाचंच काही उरलं नव्हतं, आणि थांबायचं नव्हतं.

मी दुकान आवरत होतो. तिचा आवाज जरा खाली आला, जवळ आला.

"मागच्या खोलीत मी बोलत नाही," ती म्हणाली. "तिथं बोलायला लागले की माझी मलाच भीती वाटते. इथं वाटत नाही. इथं निदान कोणी तरी ऐकत असेल असं धरून चालता येतं. दोन महिने टेकडीवर कोणी ऐकत नव्हतं आणि मी त्यांना सुप्रभात म्हणत होते. मला काही फरक जाणवला नाही. त्याचंच वाईट वाटतं." मग घसा साफ केला. "एमिल, पुलापाशी सांभाळून. कडेचा कठडा तुटलाय."

एमिल केव्हाच पूल ओलांडून गेला असणार. कुठवर गेला, वाटेत कुठं तिचा आवाज खरखरीत बुडाला की काय, तिला कळायला मार्ग नव्हता. पोचल्यावर अल्बीनाकडून फोन करायचं ठरलं होतं. फोन वाजत नव्हता. ती बोलत राहिली. कोबीवर पडलेल्या किडीवर राख टाकावी. लूमीरला कोबी आवडत नसे. सूर्य झाडांच्या शेंड्यांवर आला, मग खोडांमागं गेला. बोलून बोलून तिचा आवाजही काचकागदानं घासल्यासारखा झाला होता.

मग फोन वाजला. माइक चालूच ठेवून तिनं उचलला. पलीकडं अल्बीना, संतापलेली.

"व्लास्ता, हा एमिल वेडा झालाय का? मघापासून माझ्या अंगणात गाडी लावून बसलाय, काच वर करून. मी कोलाचे घेऊन गेले, तर दार उघडेना. फोन करायचाय का म्हटलं, तर नुसता हात वर करून गप्प बसवतो मला. माझ्याच अंगणात. त्याला झालंय काय?"

व्लास्तानं बाहेर बघितलं. खिडकीत सूर्याची शेवटची कड दिसत होती, मग तीही गेली. तिनं फोन खांद्याशी दाबून धरला आणि माइकमध्ये रोजचं शेवटचं वाक्य म्हटलं, दुबोवा आणि टेकडी, उद्या पहाटेपर्यंत निरोप. आणि कळ खाली ओढली. यंत्राची घरघर थांबली.

फोनमध्ये अल्बीना अजून तणतणत होती. मध्येच थांबली.

"थांब," ती म्हणाली. "दार उघडलं." आणि जरा वेळानं, "उतरला बघ."